डोळ्यात परत परत डाग येतोय, रंग बदललाय? तपासायला कुठून सुरुवात करायची

आईच्या डाव्या डोळ्यात पहिल्यांदा लाल डाग आला तेव्हा मी तो फोनवरच निकालात काढला. दुखतंय का? नाही. नीट दिसतंय? हो. मग सोड गं, दोन आठवड्यांत जाईल. आणि गेला. तीन महिन्यांनी परत आला, तेव्हाही मी हेच सांगितलं. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दिवसभर लोकांचे डोळे स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळ्याच्या मायक्रोस्कोपखाली, बघते, असे डाग आमच्याकडे रोजचेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा ती माझ्यासमोर बसली होती, आणि एकदम लक्षात आलं की या आठ महिन्यांत तिचं ब्लड प्रेशर कुणीच मोजलेलं नाही. मोजलं. १७२/९८.

डोळ्याला काहीच झालेलं नव्हतं. मी तिन्ही वेळा डोळ्याबद्दल बरोबर होते आणि आईबद्दल चूक. तेव्हापासून कुणी "परत आलाय" म्हटलं की मी डागाच्या रंगाआधी तारखा विचारते. एकदाच आलेला डाग बहुतेक वेळा किरकोळ निघतो. तोच तिसऱ्यांदा आला, किंवा होता तो वाढायला लागला, की कारण शोधावं लागतं, आणि ते कारण कधी कधी डोळ्यात नसतंच.

आधी हे, बाकीचं नंतर

पुढच्यापैकी एक जरी गोष्ट असेल तर वाचत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. डोळा ठणकतोय. नजर अंधुक झालीये. उजेड सहन होत नाही. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत आणि मळमळतंय. बुबुळावर पांढरा ठिपका उमटलाय. डोळ्याला किंवा डोक्याला मार लागलाय. काहीतरी उडून डोळ्यात गेलंय. रसायन गेलं असेल तर आधी नळाखाली किमान १५ ते २० मिनिटं डोळा धुवा, मगच निघा. कोमट पाणी की गार, या चर्चेत वेळ घालवू नका. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते.

कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल आणि डोळा लाल होऊन दुखत असेल तर लेन्स काढा, पण फेकू नका. डबीसकट सोबत न्या. जंतूंची तपासणी करायची झाली तर तीच उपयोगी पडते.

लहान मुलाच्या बाहुलीत पांढरट चमक दिसली, किंवा फ्लॅशच्या फोटोंत एक डोळा लाल आणि दुसरा पुन्हा पुन्हा पांढरा येत असेल, तर त्याच आठवड्यात बाहुली मोठी करून तपासून घ्या. पुष्कळदा तो कॅमेऱ्याच्या कोनाचा खेळ असतो. पण रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो आणि त्याची पहिली खूण अनेकदा ही चमकच असते. लवकर सापडला तर मूल वाचतं, बऱ्याचदा डोळाही वाचतो. "मोठा झाला की जाईल" हे इथे चालत नाही.

डाग नेमका कुठे आहे?

"बुबुळात डाग आलाय" म्हणणारे दहा जण दहा वेगवेगळ्या जागा दाखवतात, म्हणून आधी नावं लावून घेऊ. पांढरा भाग आहे त्यावर एक पातळ, पारदर्शक आवरण असतं, ते कंजंक्टायव्हा. रंगीत गोल ते बुबुळ. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा बसलेला पारदर्शक घुमट म्हणजे कॉर्निया. मधलं काळं भोक ती बाहुली. मोतीबिंदू पिकला की पांढरी दिसते ती बाहुली, बुबुळ नव्हे.

आता खिडकीजवळ बसा, उजेड बाजूने येऊ दे. फ्लॅश बंद, चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टर बंद. दुसऱ्या कुणालातरी मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगा: समोर बघत, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. खालची पापणी हलकेच ओढून एक, वरची उचलून एक. दोन्ही डोळ्यांचे काढा, ज्यात काही नाही त्याचाही. मग जुने फोटो उघडा. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोत तोच ठिपका तिथेच आणि तेवढाच असेल तर अर्धी काळजी तिथेच मिटते. माझ्याकडे "काल आला" म्हणून येणाऱ्या तपकिरी ठिपक्यांपैकी बरेच असे वर्षानुवर्षांचे निघतात. नवा असतो तो आरसा, किंवा नव्या फोनचा कॅमेरा.

एक प्रश्न मात्र या सगळ्याआधीचा: डाग इतरांना दिसतो, की फक्त तुम्हाला? फक्त तुम्हाला दिसत असेल तर फोटो काढण्यात अर्थ नाही, शेवटून दुसऱ्या भागावर जा.

लाल

लाल डोळा म्हणजे एकच गोष्ट नव्हे. जवळून बघा. लाल रंगाचा सलग ठसा दिसतोय, शाई सांडल्यासारखा, कडा स्पष्ट, आत एकही रक्तवाहिनी वेगळी दिसत नाही? की बारीक बारीक शिरा फुगून लाल झाल्यात आणि मधला पांढरा रंग अजून दिसतोय? पहिलं म्हणजे रक्त सांडलंय, दुसरं म्हणजे सूज आहे. हा फरक घरच्या आरशातही कळतो, आणि पुढची दिशा यावरच ठरते.

सांडलेलं रक्त, ज्याला सबकंजंक्टायव्हल हॅमरेज म्हणतात, ते दिसतं भयंकर आणि असतं बहुधा निरुपद्रवी. पांढऱ्या भागावरची एक बारीक केशवाहिनी फुटते आणि रक्त त्या पातळ आवरणाखाली पसरतं. दोन काचांच्या मध्ये एक थेंब दाबल्यावर जेवढा पसरेल तसंच. म्हणून दुसऱ्या दिवशी डाग मोठा दिसला तर तो नव्याने वाहतोयच असं नाही, तेच रक्त खाली उतरतं. अंगावर मुका मार लागला की काळंनिळं होतं, इथे मात्र डाग लालभडक राहतो, कारण आवरण इतकं पातळ की हवेतला ऑक्सिजन त्यातून थेट रक्तापर्यंत पोचतो. जाता जाता तो कडेने पिवळट होतो. एक ते दोन आठवडे लागतात, मोठा असेल तर तीन. कुठल्याही ड्रॉपने तो लवकर जात नाही. खुपत असेल तर डोळा ओला ठेवणारे साधे ड्रॉप घाला, एवढंच.

आता परत परत का येतो ते बघू. मी साधारण या क्रमाने विचारते.

डोळा चोळता का? हा प्रश्न सगळ्यांना अपमानास्पद वाटतो आणि उत्तर बहुतेकांचं "नाही" असतं. मग बोलता बोलता हात डोळ्याकडे जातो. ॲलर्जीमुळे खाज येत असेल तर खाजेवर उपचार करा, डाग आपोआप थांबतील.

जोर कुठे पडतो? जुना खोकला, सटासट शिंका, उलट्या, बद्धकोष्ठता, जड वजन उचलणं. छातीत आणि डोक्यात दाब एकदम वाढतो आणि सगळ्यांत नाजूक केशवाहिनी फुटते. सकाळी उठल्यावर डाग दिसला आणि रात्रभर खोकत होतात, तर कोडं सुटलं.

ब्लड प्रेशर कधी मोजलं होतं? "मला काही त्रास नाही" हे उत्तर नव्हे. वाढलेल्या दाबाचा त्रास बहुतेकांना होतच नाही. १४०/९० किंवा त्यावर आकडा येत असेल तर डोळ्याचं सोडा, फिजिशियनकडे जा. एकदाच मोजून थांबू नका, वेगवेगळ्या दिवशी, पाच मिनिटं शांत बसून मोजा. मधुमेह असेल तर साखरही बघून घ्या.

गोळ्या कुठल्या चालू आहेत? ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन आणि रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्यांमुळे एरवी टाचणीएवढा राहिला असता तो डाग अर्धा डोळा व्यापतो. इथे एक विनंती: डाग बघून घाबरून ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती हृदयासाठी किंवा मेंदूसाठी दिलेली असते आणि ती थांबवल्याने होणारं नुकसान या डागाच्या कितीतरी पट मोठं असतं. वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) तपासून घ्या आणि ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना कळवा.

यातलं काहीच नाही, तरी डाग येतोच? किंवा दोन्ही डोळ्यांत एकदम आला, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर कारण नसताना निळे डाग उठतात? मग प्लेटलेट्स आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या करायच्या. आणि कधी कधी सगळं नॉर्मल येतं. वयाबरोबर ते आवरण सैल पडतं, त्याला चुण्या पडतात आणि एकाच जागची केशवाहिनी वारंवार फुटते. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, पण ते खरं उत्तर असू शकतं.

अपवाद एकच, पण महत्त्वाचा. डोक्याला मार लागल्यानंतर डोळा लाल झाला आणि लाल रंगाची मागची कड कुठे संपते तेच दिसत नाही, तर रक्त डोळ्यामागून, कवटीच्या आतल्या इजेतून आलेलं असू शकतं. तेव्हा सरळ इमर्जन्सी.

शिरा फुगून आलेली लाली वेगळी. चिकट घाण, पाणी, दोन्ही डोळे, घरात आणखी कुणाला तेच: डोळे आलेत. पांढऱ्या भागाचा एकच त्रिकोणी तुकडा लाल, किंचित दुखरा, आठ-पंधरा दिवसांत जातो आणि काही महिन्यांनी परत येतो: बहुधा एपिस्क्लेरायटिस, हा सौम्य असतो. तेच खोलवर, जांभळट लाल, आणि झोपेतून उठवेल असं दुखणं: स्क्लेरायटिस. हा सौम्य नाही, आणि यामागे अनेकदा संधिवातासारखा अंगातला आजार असतो. लाली बुबुळाच्या कडेला गोल जमलीये आणि उजेडात डोळा उघडवत नाही: युव्हायटिस, म्हणजे आतली सूज. तरुण माणसाला हे वर्षा-दोन वर्षांनी परत परत होत असेल, तर मी हमखास विचारते, सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली असते का? "हो, पण त्याचा काय संबंध?" संबंध आहे. मणक्याचा अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस आणि हा डोळा, दोन्ही एकाच घरचे.

उरलेल्या ड्रॉपची बाटली

हा भाग मुद्दाम वेगळा लिहिते. परत परत लाल होणाऱ्या डोळ्याची सगळ्यांत वाईट कहाणी रोगाने नव्हे, कपाटात ठेवलेल्या बाटलीने घडते. मागच्या वेळी डॉक्टरांनी दिलेला ड्रॉप, दोन दिवसांत आराम पडला होता, या वेळीही तोच घालू. त्यात स्टेरॉइड असेल आणि या वेळची लाली कॉर्नियावरच्या हर्पिसची असेल, तर तुम्ही विषाणूला मोकळं रान दिलंत. हर्पिसची सवयच परत परत येण्याची, त्यामुळे हे काल्पनिक नाही. शिवाय स्टेरॉइड ड्रॉप महिनोन्महिने घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

लाली घालवून डोळा पांढराशुभ्र करणारे जे ड्रॉप मिळतात, त्यांतले बरेचसे फक्त शिरा आकसवतात. असर उतरला की शिरा आधीपेक्षा जास्त फुगतात, मग परत ड्रॉप. रोज घालणाऱ्यांच्या डोळ्यात शेवटी औषधाचीच लाली उरते. उपाय एकच, बंद करणं. पहिले काही दिवस डोळा आणखी लाल दिसेल, ते सोसायचं. सांडलेल्या रक्ताच्या डागावर तर हे ड्रॉप मुळीच चालत नाहीत, ते रक्त शिरेबाहेर आहे.

पिवळा

पिवळ्याचे दोन प्रकार, आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नका: एका जागी उंचवटा, की सगळा पांढरा भाग पिवळा.

बुबुळाच्या शेजारी, बहुधा नाकाच्या बाजूला, पिवळसर फुगीर ठिपका म्हणजे पिंग्वेक्युला. ऊन, वारा, धूळ यांची वर्षानुवर्षांची कमाई. नाकाच्या बाजूलाच का, याचं एक सुंदर स्पष्टीकरण आहे: कानाच्या बाजूने तिरका आलेला प्रकाश कॉर्नियाच्या घुमटातून वळतो आणि नेमका नाकाकडच्या कडेवर एकवटतो, भिंगाने कागद जाळावा तसा. पिंग्वेक्युला अधूनमधून सुजतो, लाल होतो, शांत होतो. एरवी त्याला हात लावायची गरज नसते.

तोच जर गुलाबी, मांसल, पंखाच्या आकाराचा होऊन बुबुळावर सरकू लागला तर ते टेरिजियम. "डोळ्यात मांस वाढलंय" असं लोक म्हणतात ते हेच. कॉर्निया ओढला जातो, चष्म्याचा सिलिंडर नंबर वाढतो. बाहुलीकडे सरकत असेल किंवा नंबर सतत बदलत असेल तर ऑपरेशन. हे परत उगवण्यासाठी बदनाम आहे. नुसतं कापून जागा उघडी सोडली तर परत येण्याची शक्यता खूप जास्त, त्याच डोळ्याच्या आवरणाचा तुकडा तिथे लावला तर बरीच कमी. ऑपरेशन ठरवण्याआधी डॉक्टरांना हा एक प्रश्न नक्की विचारा. नंतर अतिनील किरण अडवणारा, बाजूनेही झाकणारा गॉगल आणि टोपी.

सगळा पांढरा भाग पिवळा असेल तर दिवसाच्या उजेडात खात्री करा, पिवळ्या बल्बखाली सगळेच कावीळवाले दिसतात. खरोखर पिवळा असेल तर बिलिरुबिन आणि यकृताच्या तपासण्या लगेच. त्वचेआधी हा रंग डोळ्यातच कळतो. गाजर, भोपळा फार खाल्ल्याने तळहात पिवळे होतात, पण डोळे पांढरेच राहतात. हा फरक लक्षात ठेवा.

परत परत येणारा हलका पिवळेपणा, उपास घडला, ताप आला किंवा जागरणं झाली की दिसणारा आणि दोन दिवसांत जाणारा, हा तरुणांमध्ये अनेकदा गिल्बर्ट सिंड्रोम निघतो. जन्मजात, निरुपद्रवी, औषध लागत नाही. यात लघवीचा रंग गडद होत नाही. लघवी चहासारखी झाली असेल तर "मला गिल्बर्ट आहे" म्हणून गप्प बसू नका. आणि पहिल्यांदा हे नाव रक्ततपासण्यांनंतर डॉक्टरांनी द्यायचं, आपण नाही.

तपकिरी, काळा, निळसर

सावळ्या वर्णाच्या माणसांच्या पांढऱ्या भागात, बुबुळाच्या कडेने, धुरकट तपकिरी छटा असणं अगदी नेहमीचं. दोन्ही डोळ्यांत असते, सपाट असते, कडा पुसट असतात. हा त्वचेचाच रंग आहे, साफ करायचा मळ नव्हे.

एका जागी तीळ असावा तसा ठिपका म्हणजे नीव्हस. लहानपणी किंवा किशोरवयात दिसू लागतो, वयात येताना गडदही होतो, त्यामुळे आईवडील घाबरतात. स्लिट लॅम्पखाली त्यात अनेकदा बारीक पारदर्शक फुगे दिसतात, पाण्याच्या थेंबांसारखे. ते दिसले की मला हायसं वाटतं, कारण तो तिथे फार दिवस शांतपणे राहत असल्याची ती खूण आहे.

काही जणांना बुबुळापासून तीन-चार मिलिमीटरवर करडा-काळा टिंब दिसतो, कधी वर तर कधी खाली. तिथे डोळ्याच्या जाड भिंतीतून एक मज्जातंतू बाहेर डोकावून परत आत जातो. ॲक्सेनफेल्ड लूप हे त्याचं नाव. काहीतरी रुतलंय समजून काढायला गेलात तर भयंकर दुखेल. नका जाऊ. खालच्या पापणीच्या आत काळे कण साचले असतील तर काजळ आणि मस्काराचा संशय आधी घ्या. वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांच्या आवरणात ते गोंदल्यासारखे बसतात.

मग काळजी कधी? ठिपका चाळिशीनंतर नव्याने आला. एकाच डोळ्यात. पसरतोय, किंवा सपाट होता तो जाड झाला. त्याच्याकडे ठसठशीत रक्तवाहिन्या जातायत. तो पापणीच्या आतल्या बाजूला आहे किंवा बुबुळावर चढतोय. अशा डागांपैकी काही कालांतराने मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, होतात, म्हणून डॉक्टर फोटो काढून ठेवतात, मोजतात, गरज पडली तर तुकडा तपासतात. इथे तुमचे खिडकीजवळचे फोटो सोन्यासारखे. "वाढलाय असं वाटतं" आणि "जूनमध्ये एवढा होता, आता एवढा" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डोळ्याभोवतीच्या त्वचेवर आणि पांढऱ्या भागात एकाच बाजूला पाटीसारखी करडी-निळी छटा जन्मापासून असेल तर ती नीव्हस ऑफ ओटा. त्या डोळ्याला काचबिंदूचा धोका जास्त, त्यामुळे वर्षाला एकदा डोळ्याचं प्रेशर तपासा. तान्ह्या बाळाचा पांढरा भाग किंचित निळसर दिसतो, भिंत पातळ असते म्हणून. मोठेपणीही निळा राहिला आणि हाडं सहज मोडत असतील तर ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा या हाडं ठिसूळ करणाऱ्या जन्मजात आजाराचा विचार करतात. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यात डावी-उजवीकडे उभे करडे पट्टे दिसतात, ते वयाचे आहेत, सोडून द्या.

पांढरे ठिपके

बुबुळावर नवा पांढरा ठिपका आणि डोळा लाल: कॉर्नियावर जखम झाली आहे, जंतू असू शकतात, तासांचा हिशेब आहे. गवताची काडी, पान, धान्याचं कूस लागून झाली असेल तर बुरशीही असू शकते, आणि तिचं औषध वेगळं असतं, म्हणून कशाने लागलं ते आठवून सांगा. जुनं, न दुखणारं पांढरं "फूल" हा अशाच भरून आलेल्या जखमेचा व्रण.

मुलाच्या डोळ्यात, बुबुळाच्या कानाकडच्या बाजूला, साबणाच्या फेसासारखा करडा-पांढरा त्रिकोण म्हणजे बिटोचे डाग. १८६३ साली पिएर बितो या फ्रेंच डॉक्टरने वर्णन केलेले. अ जीवनसत्त्वाची कमतरता, सोबत बहुधा रातांधळेपणा. संध्याकाळी मूल वस्तूंना अडखळतंय का, ते विचारा.

बुबुळाचा रंग बदललाय

"बाबांचे डोळे निळे होत चाललेत" असं सांगणाऱ्या एकीने फोनवरचा फोटो दाखवला. फोटो मोठा केला तर निळं काहीच नव्हतं. काळ्याभोर बुबुळाच्या कडेने दुधाळ कडं होतं, आणि कडं व पांढरा भाग यांच्यामध्ये एक बारीक स्वच्छ रेघ. हे आर्कस. कॉर्नियाच्या कडेला चरबी साचते, आधी वर आणि खाली, मग गोल पुरं होतं. नजरेला धक्का लागत नाही. साठी-सत्तरीत याला काही करायचं नाही. चाळिशीच्या आत दिसलं तर कोलेस्टेरॉल आणि लिपिड तपासायचे, कारण काही घराण्यांत ते जन्मतःच वाढलेलं असतं. एकाच डोळ्यात असेल तर दुसऱ्या बाजूची मानेतली धमनी अरुंद नाही ना, हेही बघतात असं म्हटल्यावर लोक गोंधळतात. नेमकं सांगायचं तर ज्या डोळ्यात कडं नाही, त्याच बाजूच्या धमनीवर संशय: रक्तच कमी पोचतंय म्हणून चरबीही कमी साचते.

कडं दुधाळ नसून सोनेरी-तपकिरी असेल, माणूस तरुण असेल, हात थरथरत असतील किंवा यकृत बिघडलेलं असेल, तर ते तांबं. शरीरात तांबं साचत जाणाऱ्या विल्सनच्या आजारातलं कायसर-फ्लायशर कडं, १९०२ आणि १९०३ साली ज्या दोघांनी त्याचं वर्णन केलं त्यांच्या नावाचं. याला मधली स्वच्छ रेघ नसते, ते थेट कडेपासून सुरू होतं. गडद बुबुळावर नुसत्या डोळ्यांनी ते चुकतं, स्लिट लॅम्प लागतोच. आजार अनुवंशिक असल्याने भावंडांचीही तपासणी होते.

काचबिंदूसाठी लॅटॅनोप्रॉस्टसारखे ड्रॉप चालू असतील तर घारं किंवा मिश्र रंगाचं बुबुळ हळूहळू तपकिरी होतं, आणि तो बदल कायमचा असतो. पापण्यांचे केसही लांब-दाट होतात. याच कुळातल्या बिमॅटोप्रॉस्टला २००८ मध्ये अमेरिकेत चक्क पापण्या वाढवण्यासाठी मान्यता मिळाली. आधीच गडद तपकिरी डोळे असतील तर फरक लक्षातही येत नाही. ड्रॉप थांबवायचं हे कारण नाही.

एकाच डोळ्याचा रंग मोठेपणी बदलला, फिकट झाला किंवा गंजट झाला, तर मात्र शोध घ्यायचा. आतली जुनी, न दुखणारी सूज बुबुळ फिकट करते. आणि गंजट रंगावर मी विचारते, हातोडी-छिन्नीचं काम करता का? कधी डोळ्यात काही उडालं होतं? "हो, पण दुसऱ्या दिवशी बरं वाटलं." लोखंडाचा कण आत शिरून महिनोन्महिने गंजत राहतो, बुबुळ तांबूस होतं आणि पडदा निकामी होत जातो.

बुबुळावर तिळासारखे ठिपके पुष्कळांना असतात. वाढत असतील किंवा बाहुली गोल न राहता त्या बाजूला ओढली जात असेल, तर दाखवा.

फक्त तुम्हालाच दिसणारे

डोळ्यापुढे तरंगणारे ठिपके, जाळी, माशी, आणि नजर वळवली की मागून घरंगळत येणारे: हे डोळ्याच्या आतल्या जेलीतले तुकडे, त्यांची सावली पडद्यावर पडते. वर्षानुवर्षं तेवढेच असतील तर राहू द्या. पण एकदम ढीगभर नवे आले, सोबत काजवे चमकल्यासारखं होतंय, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार येतोय, तर त्याच दिवशी पडद्याची तपासणी. पडद्याला नुसतं छिद्र पडलं असेल तर लेसरने भागतं. पडदा सुटला तर मोठं ऑपरेशन. मधुमेह असलेल्यांना अचानक काळी धार उतरल्यासारखी दिसली तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो.

डॉक्टरकडे जाताना

तारखांसकट फोटो, चालू गोळ्या आणि ड्रॉपची यादी (किंवा सरळ बाटल्याच), ब्लड प्रेशरचे गेल्या आठवड्याचे आकडे. डाग किती वेळा आला, प्रत्येक वेळी किती दिवस टिकला, त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं. तीन ओळी पुरतात. आई आता हे एका वहीत लिहिते, आणि तिच्या वहीत खोकल्याचा रकाना माझ्यापेक्षा तिलाच आधी सुचला. डोळ्यांचा मेकअप पूर्ण पुसून जा, आणि कॉन्टॅक्ट लेन्स शक्य असेल तर आदल्या दिवशीच काढून ठेवा. बाहुली मोठी करणारे ड्रॉप घालतील, मग चार-सहा तास जवळचं अंधुक दिसतं आणि ऊन डोळ्यात घुसतं, तेव्हा परत येताना गाडी चालवायला कुणालातरी सोबत घ्या.